स्पाइक निवडण्याचे अकरा महिने

मे २०२४ मध्ये माझ्याकडे उंदरांच्या मेंदूतली चौदा रेकॉर्डिंग्ज होती, पीएचडीचं तिसरं वर्ष संपत आलं होतं, आणि त्या रेकॉर्डिंग्जमधून एकेक न्यूरॉन वेगळा कसा काढायचा हे सांगणारं लॅबमध्ये कुणी उरलं नव्हतं. ज्या सीनियरनं हा सगळा सेटअप उभा केला तो पोस्टडॉकला परदेशी गेला होता. जाताना एक हार्ड डिस्क, स्क्रिप्ट्सचा एक फोल्डर आणि ‘सोपं आहे गं, जमेल तुला’ एवढं ठेवून गेला. जमलं, पण मार्च उजाडला. त्यातले चार-पाच महिने ज्या चुकांत गेले त्या फार साध्या होत्या, आणि कुठल्याही पेपरच्या ‘पद्धती’ विभागात त्या लिहिलेल्या नसतात. म्हणून इथे लिहिते आहे.

हा प्रकार अजिबात माहीत नसलेल्यांसाठी आधी थोडं. आईला फोनवर समजावताना मी चाळीच्या जिन्याचं उदाहरण दिलं होतं. लाकडी जिना, रात्रीची वेळ, दार बंद. पावलांच्या आवाजावरून आपण ओळखतो की हे देशपांडेकाका, ही वरच्या मजल्यावरची मुलं. इलेक्ट्रोडचं तसंच असतं. मेंदूत घातलेल्या बारीक सुईला आसपासच्या पेशींची ‘पावलं’ ऐकू येतात. प्रत्येक पाऊल म्हणजे एक स्पाइक, साधारण एक मिलिसेकंदाचा. कुठली पेशी जवळ, कुठली लांब, त्यावरून आवाजाचा आकार बदलतो. आमच्या सुईवर एकाखाली एक ६४ बिंदू आहेत, म्हणजे जिन्याच्या ६४ पायऱ्यांवर ६४ माणसं कान देऊन बसली आहेत असं समजा. सगळ्यांनी ऐकलेलं एकत्र करून ‘हे पाऊल अमक्याचं’ असं ठरवायचं, लाखो वेळा. याला स्पाइक सॉर्टिंग म्हणतात. आई म्हणाली, “म्हणजे निवडणंच की. तांदूळ निवडतो तसं.” तेव्हा मी हसले होते.

हे निवडण्याचं काम आता सॉफ्टवेअर करतं. पूर्वी माणसं पडद्यावर ठिपक्यांच्या ढगांभोवती हातानं कुंपणं घालत. किलोसॉर्ट २०१६ मध्ये आलं, मारियस पाचितारियू यांच्या हातचं. सुरुवातीच्या आवृत्त्यांना मॅटलॅब हे विकतचं सॉफ्टवेअर लागायचं. चौथी आवृत्ती पूर्ण पायथनमध्ये आहे आणि तिचा पेपर एप्रिल २०२४ मध्ये ‘नेचर मेथड्स’मध्ये आला, म्हणजे मी सुरुवात करायच्या महिनाभर आधी. फुकट आहे. निकाल डोळ्यांनी तपासायला लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या लॅबमधून आलेलं ‘फाय’, तेही फुकट. सीनियरच्या फोल्डरमध्ये जुनी मॅटलॅबची आवृत्ती होती. मी ती उघडलीच नाही. नवीन शिकायचंच आहे तर नवंच शिकू, असा हिशोब केला, आणि तो एक निर्णय बरोबर निघाला.

२० मे, सोमवार. इन्स्टॉल करायला बसले. दुपारपर्यंत झालं, पण चालवल्यावर पहिल्याच ओळीत कळलं की ते ग्राफिक्स कार्ड न वापरता साध्या प्रोसेसरवर चाललंय. किलोसॉर्टसोबत पायटॉर्च हा जो गणिती कोडचा संच आपोआप येतो तो बरेचदा कार्डाविना चालणारा असतो. तो काढून कुडावाला, म्हणजे ग्राफिक्स कार्ड वापरणारा, वेगळा टाकावा लागतो. हे त्यांच्या सूचनांमध्ये लिहिलेलं आहे, मी वाचलं नव्हतं. आणखी एक: किलोसॉर्ट आणि फाय एकाच एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे पायथनच्या एकाच कप्प्यात, कोंबू नका. दोघांना वेगवेगळ्या लायब्रऱ्या हव्या असतात, एकाचं जुळवताना दुसरं मोडतं. माझे दोन दिवस त्यात गेले.

मग कार्ड. लॅबच्या कॉम्प्युटरमध्ये चार जीबीचं जुनं कार्ड होतं. किलोसॉर्ट चारला निदान आठ जीबी असावं म्हणतात. दहा मिनिटं चालून ‘मेमरी संपली’. सर म्हणाले, “मागणीपत्र टाक.”

१० जूनला टाकलं. आरटीएक्स ३०६०, १२ जीबी, अंदाजे किंमत ₹२९,०००. सरांची सही, विभागप्रमुखांची सही, अकाउंट्समध्ये बजेटची नोंद, मग खरेदी विभाग, मग जेम हे सरकारी खरेदीचं पोर्टल. अकाउंट्समधून फाइल पहिल्यांदा परत आली कारण कार्ड ‘उपकरण’ या हेडखाली टाकलं होतं आणि त्यांच्या मते ते ‘उपभोग्य वस्तू’. बदलून पाठवलं. दुसऱ्यांदा परत आली कारण उपभोग्य वस्तूंमध्ये एवढी महाग वस्तू कशी, याचं स्पष्टीकरण हवं होतं. यावर चिडून उपयोग नसतो. कुणाला हे करायचं असेल तर मागणीपत्र टाकण्यापूर्वी अकाउंट्समध्ये स्वतः जाऊन, चहाच्या वेळेच्या आधी, तोंडी विचारून घ्या की हे कुठल्या हेडखाली जातं. मी गेले नाही, पाच आठवडे गेले.

कार्ड येईपर्यंत गूगल कोलॅब, म्हणजे गूगलचे कॉम्प्युटर ब्राउझरमधून वापरायची सोय. तिथे फुकटात टी४ कार्ड मिळतं, त्याला पुरेशी मेमरी असते. अडचण फाइलच्या आकाराची. आमचं एक रेकॉर्डिंग ५० मिनिटांचं, फाइल साडेतेरा जीबीची, आणि फुकटची ड्राइव्ह पंधरा जीबीची. महिना ₹१३० भरून शंभर जीबी घेतले. होस्टेलच्या वायफायवरून एक फाइल चढायला दीड-दोन तास. रात्री अपलोड लावायचं, सकाळी चालवायचं, कोलॅब मध्येच सुटलं तर परत. तीन महिने असं केलं.

आता पहिली खरी चूक.

किलोसॉर्टला सांगावं लागतं की फाइलमध्ये किती चॅनल, म्हणजे शेजारी शेजारी नोंदलेले किती सिग्नल, आहेत. मी ६४ लिहिलं, कारण सुईवर ६४ बिंदू आहेत. चाललं. निकालही आला. एकशे ऐंशी ‘न्यूरॉन’! दोन दिवस मी खूश होते. मग सहज डेटाची चौकट उघडून बघितली तर सिग्नल आडवा जाण्याऐवजी तिरक्या पट्ट्यांसारखा दिसत होता, टीव्हीची केबल सैल झाल्यावर दिसतं तसा. आणि खाली रेकॉर्डिंगची लांबी लिहिली होती ५८ मिनिटं ३५ सेकंद. माझ्या वहीत ५० मिनिटं.

कागदावर भागाकार केला तेव्हा उलगडलं. आमचा रेकॉर्डिंगचा बोर्ड, ओपन ईफिजचा, ६४ चॅनलच्या शेजारी त्याच फाइलमध्ये आणखी अकरा लिहितो: हेडस्टेजवरच्या (सुईला जोडायच्या छोट्या सर्किटवरच्या) हालचालमापकाचे तीन आणि बोर्डावरच्या जादा इनपुटचे आठ. एकूण ७५. मी ६४ सांगितल्यामुळे प्रत्येक ओळ अकरा घरं सरकून वाचली जात होती. फाइलचा आकार बाइट्समध्ये घ्या, त्याला २ गुणिले चॅनल गुणिले ३०,००० नं भागा (एका आकड्याला दोन बाइट, सेकंदाला तीस हजार आकडे), आणि येणारे सेकंद घड्याळाशी जुळतात का बघा. मी आता कुठलीही नवी फाइल हा भागाकार केल्याशिवाय उघडत नाही. ते एकशे ऐंशी न्यूरॉन म्हणजे निव्वळ कचरा होता. सॉफ्टवेअरनं त्यातल्या चाळीसांवर ‘गुड’ असा शिक्काही मारला होता, हे विशेष.

जुलै-ऑगस्टमध्ये चौदाही फाइल्स ७५ धरून चालवल्या. आता पट्ट्या गेल्या, लांबी जुळली, प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये तीस-चाळीस क्लस्टर, म्हणजे एकेका पेशीचे असावेत असे स्पाइकचे गट, दिसायला लागले. सेटिंगमध्ये फार हात घातला नाही. फक्त सुई हलल्याची दुरुस्ती करणारा भाग बंद केला, म्हणजे ‘एनब्लॉक्स’ शून्य. साधारण ६४ किंवा त्याहून कमी चॅनल असतील तर तो अंदाज भरवशाचा नसतो, असं किलोसॉर्टचेच लोक सांगतात. ती सोय मुख्यतः न्यूरोपिक्सेल्ससारख्या सुयांसाठी आहे, जिथे ३८४ चॅनल एकाच वेळी दाटीवाटीनं रेकॉर्ड होतात. आणि पहिल्याच झटक्यात पूर्ण फाइल चालवू नका. शेवटची वेळ ६०० सेकंद टाकून दहा मिनिटांचा तुकडा आधी चालवून बघा.

गणपतीच्या सुट्टीत घरी गेले. परत आल्यावर, १९ सप्टेंबरला, सर पहिल्यांदा माझ्या शेजारी बसून फाय बघत होते. एका क्लस्टरवर बोट ठेवून म्हणाले, “हा न्यूरॉन तीन ठिकाणी कसा?” त्याचा स्पाइक ९ नंबरच्या बिंदूवर मोठा दिसत होता, १० वर काहीच नाही, मग ३० वर मोठा, मग ५२ वर. बिंदू वीस मायक्रोमीटर अंतरावर आहेत. एका पेशीचा आवाज शेजारच्या चार-पाच बिंदूंवर ऐकू यायला हवा, जवळ मोठा, लांब बारीक. नवव्या पायरीवर पाऊल वाजलं, दहावीवरच्या माणसाला ऐकू आलं नाही आणि बावन्नावीवरच्याला आलं, असं होत नाही. मी हे अडीच महिने बघत होते आणि मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

चॅनल मॅप, म्हणजे कुठला बिंदू फाइलमध्ये कितव्या नंबरवर याची यादी, चुकला होता. सुईवरचा पहिला बिंदू फाइलमध्ये पहिला नसतो. सुईपासून कनेक्टर, तिथून अडॅप्टर, तिथून हेडस्टेजची चिप, असा फिरत फिरत तो कुठल्या तरी नंबरवर पोचतो. मी सीनियरच्या फोल्डरमधला मॅप वापरत होते, आणि तो जुन्या अडॅप्टरचा होता. माणसं पायऱ्यांवर बरोबर बसली होती, यादी दुसऱ्याच इमारतीची होती.

नवा मॅप करायला मी तिन्ही तुकड्यांची पत्रकं छापून घेतली आणि लॅबच्या टेबलावर ओळीनं चिकटवून पेन्सिलीनं रेघा ओढल्या. पत्रकात कनेक्टर समोरून काढलाय की मागून, हे कोपऱ्यात बारीक अक्षरात असतं. तेवढं चुकलं की सगळं आरशातलं होतं. एक दिवस पुरला. मग खरं-खोटं करायची एक सोपी रीत सापडली. स्पाइक बाजूला ठेवून संथ लहरी घ्यायच्या, शंभर हर्ट्झच्या खालच्या, आणि प्रत्येक चॅनल दुसऱ्याशी किती जुळतो त्याचा ६४ बाय ६४ चा रंगीत तक्ता काढायचा. शेजारी शेजाऱ्याशी सगळ्यात जास्त जुळणार. मॅप बरोबर असेल तर उजळ रंग कर्णाला चिकटून राहतो. जुन्या मॅपनं काढलेला तक्ता गोधडीसारखा दिसत होता. नव्यानं काढला तर कर्णावर एक सलग पट्टा. रात्रीचे साडेनऊ झाले होते, लॅबमध्ये मी एकटीच, मोठ्यानं ‘हां!’ म्हणाले.

आनंद दोन दिवस टिकला. आमची सुई मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसच्या (आठवणींशी निगडित भागाच्या) सीए-वन पट्ट्यात जाते, आणि तिथे वरपासून खालपर्यंत काय दिसायला हवं हे ठरलेलं आहे. पिरॅमिडल पेशींच्या थरात ‘रिपल’ नावाच्या जलद लहरी सगळ्यात जोरकस असतात, आणि त्याच क्षणी त्या थराच्या खाली एक मोठा ऋण खळगा पडतो, त्याला शार्प वेव्ह म्हणतात. नऊ रेकॉर्डिंग्जमध्ये तसंच होतं. पाचांमध्ये खळगा वर होता. उंदराचा मेंदू उलटा असणं शक्य नाही, म्हणजे हेडस्टेज उलटी. आमचा कनेक्टर दोन्ही बाजूंनी बसतो, आणि त्या पाच दिवशी मी तो फिरवून लावला होता. रंगीत तक्त्यात हे कळत नाही, कारण रांग शेवटाकडून मोजली तरी शेजारी शेजारीच राहतात. शरीररचनेची खूण हवीच.

यातली चांगली बाजू एवढीच की हे सगळं नंतर दुरुस्त करता येतं. सरांनी विचारलं होतं, नवीन प्राणी घ्यायचे का. त्यासाठी फॉर्म बी मध्ये, म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या परवानगीच्या अर्जात, दुरुस्ती, संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीची बैठक, पुन्हा दोन-तीन महिने. आणि तो वेळेचा प्रश्न बाजूला ठेवला तरी, माझ्या वायरच्या घोळासाठी आणखी उंदीर मारायचे हे मला झेपलं नसतं. पाच फाइल्सना उलटा मॅप दिला, काम झालं. दोन रेकॉर्डिंग्ज मात्र सोडून द्यावी लागली. त्यांत कनेक्टर अर्धवट बसला होता आणि निम्म्या चॅनलवर नुसती खरखर होती. रेकॉर्डिंगच्या आधी एक किलोहर्ट्झला इंपीडन्स (प्रत्येक बिंदूचा विजेला होणारा विरोध) मोजून त्याची फाइल जपून ठेवली असती तर ते त्याच दिवशी कळलं असतं. हेडस्टेजवरच्या इंटॅनच्या चिपमध्ये ती सोय आहे, मिनिटभराचं काम. बारा उरली.

त्या रात्री होस्टेलवर आले, मैत्रिणीची लाल नेलपॉलिश घेतली आणि दुसऱ्या दिवशी हेडस्टेजच्या एका कडेला आणि अडॅप्टरच्या त्याच कडेला एकेक ठिपका लावला. ठिपक्याला ठिपका.

ऑक्टोबरमध्ये बारा फाइल्स नव्या मॅपनं परत. ज्या रेकॉर्डिंगमध्ये आधी १४ चांगले क्लस्टर होते तिथे २३ आले. मग फायमध्ये बसून एकेक तपासणं. पहिल्या रेकॉर्डिंगला मला तीन दिवस लागले. आणि ९ ऑक्टोबरला मी ते तीन दिवस स्वतःच्या हातानं पुसले: एक सेटिंग बदलून बघावं म्हणून तीच फाइल पुन्हा चालवली. किलोसॉर्ट डेटाच्या शेजारी स्वतःच्या नावाचा फोल्डर करतं, दुसऱ्यांदा चालवलं की त्याच फोल्डरवर लिहितं. फायमध्ये केलेले बदलही त्याच फोल्डरमध्ये असतात. गेले. आता प्रत्येक वेळी निकालाच्या फोल्डरला तारखेचं नाव देते, आणि फाय उघडण्यापूर्वी त्याची प्रत काढते. निकालाच्या फाइल्स लहान असतात, प्रतीला जागा फारशी लागत नाही.

तपासणं म्हणजे काय, ते एका जोडीवरून सांगते. क्लस्टर ३१ आणि ३८. दोघांचे स्पाइक त्याच बिंदूंवर, आकार सारखा, फक्त ३८ थोडा बुटका. सॉफ्टवेअरच्या मते दोन न्यूरॉन. फायमध्ये एकाच्या स्पाइकच्या किती आधी-नंतर दुसऱ्याचा येतो तो आलेख बघितला तर मध्यभागी, शून्याच्या आसपास, खड्डा. कुठलीही पेशी एकदा फायर झाली की पुढचा दीड-दोन मिलिसेकंद परत होऊ शकत नाही, म्हणून एकाच पेशीच्या स्पाइकमध्ये असा खड्डा पडतो. दोन स्वतंत्र पेशींमध्ये पडायचं कारण नाही. शिवाय ३८ जवळजवळ नेहमी ३१ नंतर तीन ते सहा मिलिसेकंदांनी येत होता, आधी कधीच नाही. सीए-वनच्या पिरॅमिडल पेशी एका दमात दोन-चार स्पाइक टाकतात आणि त्यातला प्रत्येक पुढचा स्पाइक आधीच्याहून बुटका असतो. एकच माणूस, जिना चढता चढता दमलेला. ‘जी’ दाबलं, दोन्ही एक झाले.

उलटही होतं. एका क्लस्टरच्या आलेखात खड्डाच नव्हता, म्हणजे दोन-तीन पेशींची खिचडी. तो ‘एमयूए’मध्ये (अनेक पेशी मिसळलेले गट), ऑल्ट-एम. एक क्लस्टर चौसष्टच्या चौसष्ट बिंदूंवर एकदम सारखा दिसत होता. उंदीर पाण्याच्या नळीला जीभ लावतो तेव्हाचा विजेचा झटका. तो नॉइज, ऑल्ट-एन. आणि एक उगाच वाकडी गोष्ट: स्पाइकच्या वेळा सेकंदात नसतात, सॅम्पलमध्ये असतात. तीस हजारांनी भागायचं राहिलं तर आलेख सुंदर येतो आणि अर्थ शून्य.

कार्ड २६ ऑक्टोबरला आलं. खोक्यावर १२ जीबी, आत आठचं. परत. दुसरं आलं २५ नोव्हेंबरला. ते बसवल्यावर कॉम्प्युटर सुरूच होईना, कारण जुना एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) साडेतीनशे वॉटचा आणि या कार्डाला साडेपाचशेचा तरी लागतो. नवा एसएमपीएस, ₹४,८५०, स्थानिक खरेदी, सुदैवानं तीन दिवसांत. कार्ड मागवताना एसएमपीएसही त्याच मागणीपत्रात घाला. २९ नोव्हेंबरला पहिल्यांदा लॅबमध्येच चालवलं: पन्नास मिनिटांचं रेकॉर्डिंग, बारा मिनिटांत. कोलॅबवर हेच काम अपलोड धरून अख्खा दिवस खायचं.

१२ डिसेंबरला प्रगती समितीची बैठक. मी तक्ता दाखवला. एका सदस्यांनी विचारलं, “सॉफ्टवेअरनं गुड म्हटलंय ना, मग तुम्ही हातानं कशाला बदलता?” लगेच दुसऱ्यांनी, “आणि हातानं बदललंत तर तुमच्या मनासारखं केलं नाहीत कशावरून?” दोन्ही प्रश्न रास्त होते आणि माझ्याकडे एकाचंही उत्तर नव्हतं. बाहेर येऊन जिन्यात बसून रडले थोडी. रडण्यासारखं कुणी काही बोललं नव्हतं, पण सात महिने झाले होते.

मग स्वतःची परीक्षा घेतली. ऑक्टोबरमध्ये तपासलेलं एक रेकॉर्डिंग, जुने शिक्के न बघता, पुन्हा तपासलं. आधी २१ गुड दिले होते, आता १७. दोन्ही वेळा गुड ठरलेले १५. म्हणजे माझंच माझ्याशी पुरतं जुळत नव्हतं. वाचायला लागल्यावर कळलं की हे दुखणं जुनं आहे. २००० साली केनेथ हॅरिस आणि सहकाऱ्यांनी एका पेशीच्या आतून आणि बाहेरून एकाच वेळी रेकॉर्ड करून माणसांच्या हाताच्या सॉर्टिंगची पडताळणी केली होती. चुका शून्यापासून तीस टक्क्यांपर्यंत होत्या. बरं वाटलं, हे खोटं कशाला बोलू.

जानेवारीत स्पाइकइंटरफेस शिकले. हे पायथनचं पॅकेज वेगवेगळी सॉर्टिंगची सॉफ्टवेअर्स एकाच पद्धतीनं चालवतं आणि निकाल एकमेकांशी ताडून बघतं. त्यांच्या २०२० च्या पेपरमध्ये एकाच रेकॉर्डिंगवर सहा सॉर्टर चालवलेत, आणि सहाही जणांना मान्य असलेले न्यूरॉन अगदी थोडे निघालेत. मी तेच लहान प्रमाणावर केलं: किलोसॉर्टच्या जोडीला माउंटनसॉर्ट. एका रेकॉर्डिंगमध्ये एकाचे १९, दुसऱ्याचे १६, जुळलेले १३. जे जुळले नाहीत ते बहुतेक बारीक आवाजाचे, गर्दीतले. माझं दोनदा तपासताना ज्यांच्यावर मन बदललं होतं, तेही त्यांच्यातच. हे बघितल्यावर समितीला काय उत्तर द्यायचं ते सुचलं. शिक्का मारण्याची गोष्ट एका बाजूला, आणि विश्लेषणात कोणाला घ्यायचं हे आकड्यांवर, आधी कागदावर लिहून, निकाल बघायच्या आत.

अमेरिकेतल्या अॅलन इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेच्या सार्वजनिक डेटात वापरतात त्या धर्तीचे तीन निकष घेतले: रिफ्रॅक्टरी काळातल्या (पेशी परत फायर होऊ शकत नाही त्या काळातल्या) घुसखोरीचं गुणोत्तर ०.५ पेक्षा कमी, स्पाइक थ्रेशोल्डखाली, म्हणजे ओळखायच्या किमान उंचीखाली, हरवल्याचा अंदाज ०.१ पेक्षा कमी, आणि रेकॉर्डिंगच्या निदान नव्वद टक्के काळात हजेरी. पहिल्या निकषात मी आठवडाभर फसले. मला वाटलं ०.५ म्हणजे अर्धा टक्का, फार कडक. ते टक्के नाहीत. त्याचा अर्थ, परक्या पेशींचे स्पाइक खऱ्यांच्या निम्म्या दरानं मिसळलेले असू शकतात. म्हणजे निकष चांगलाच ढिला आहे. माझ्या प्रश्नाला वेळेची अचूकता लागते, म्हणून मी ०.१ केला, आणि ०.५ ठेवला तर निकाल किती बदलतो तेही परिशिष्टात दिलं. बारा रेकॉर्डिंग्जमध्ये किलोसॉर्टचे एकूण क्लस्टर ५१७. त्यातले त्याच्या मते गुड २९१. माझ्या चाळणीतून खाली उरले १९८. ११ फेब्रुवारीला सरांना पाठवले, त्यांचं उत्तर: “ओके. आता सायन्स कर.”

शेवटचा टप्पा डेटा सार्वजनिक करण्याचा. डँडी नावाच्या संग्रहात ठेवायचा तर फाइल एनडब्ल्यूबी या साच्यात हवी, आणि तो साचा आमच्या अकाउंट्स विभागाला लाजवील असा काटेकोर आहे. उंदराचा क्रमांक हवा. लिंग हवं. प्रजाती लॅटिनमध्ये हवी, नुसतं ‘माउस’ चालत नाही. वय ‘९० दिवस’ असं लिहिलं तर परत येतं. पी, मग ९०, मग डी, असं जोडून लिहावं लागतं. माझ्या पहिल्या प्रयत्नात बाराच्या बारा फाइल्स नापास. चार उंदरांच्या जन्मतारखा माझ्याकडे नव्हत्याच, त्या प्राणिगृहाच्या रजिस्टरमध्ये होत्या, आणि रजिस्टर बघायला अर्ज. दोन ओळींचा अर्ज, चार दिवस. वय, लिंग, वजन पहिल्या दिवसापासून एका शीटमध्ये भरत जा.

२१ मार्चला सगळ्या पास झाल्या. माझ्या खिशातून गेलेले पैसे: ड्राइव्हचे तीन महिन्यांचे ₹३९०. आणि नेलपॉलिशचे ₹६०, कारण मैत्रिणीनं तिची परत मागितली.

क्लस्टर ४७, सातव्या रेकॉर्डिंगमधला, मला अजून समजलेला नाही. खड्डा आहे पण उथळ, आकार चांगला, पस्तिसाव्या मिनिटाला नाहीसा होतो आणि चव्वेचाळिसाव्याला परत येतो. एमयूएमध्ये टाकलाय. नोंदवहीत त्याच्यापुढे तीन तारखा आहेत आणि तीन वेगळी मतं.

आई परवा फोनवर विचारत होती, झालं का निवडून. झालं म्हटलं. लॅबमध्ये एक नवी मुलगी आली आहे, जूनपासून ती रेकॉर्डिंग घेणार. काल तिला हेडस्टेज लावायला दाखवत होते, तर स्पिरिटनं पुसून पुसून लाल ठिपका अर्धा गेलेला. आधी तो परत लावला, वाळेपर्यंत दोघी थांबलो.